हार्डटॅक वजनावर करायचा

हार्डटॅक म्हणजे पीठ, पाणी आणि मीठ यांचा भाजून दगडासारखा कडक वाळवलेला चौकोनी तुकडा, सैनिकांचा जुना शिधा. साताऱ्यात एप्रिलमध्ये केलेला हार्डटॅक मे महिन्यात फरशीवर टाकला तर खणकन वाजतो. तोच जुलैत डब्यातून काढला की कडेला पांढरी बुरशी दिसते. पावसाला बोल लावून उपयोग नाही. बहुतेक वेळा पाणी भाजतानाच आत राहिलेलं असतं आणि उरलेलं काम सैल झाकणाच्या डब्यानं केलेलं असतं. अमेरिकन सैन्याचे जुने शिधे घरी करून बघायचे असतील तर सगळी मेहनत या एका गोष्टीभोवती फिरते: पाणी बाहेर काढणं आणि ते परत आत न येऊ देणं. चव नंतर.

अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, उत्तरेकडच्या सैनिकाला कूच करताना मिळणारा दिवसाचा शिधा असा: एक पौंड हार्डटॅक, पाऊण पौंड खारवलेलं डुकराचं मांस किंवा सव्वा पौंड ताजं मांस, आणि वर कॉफी, साखर, मीठ. छावणीत मुक्काम असला की बीन्स, तांदूळ, व्हिनेगर, साबण, मेणबत्त्या हेही असायचं. नियमावलीत हे किरकोळ जिन्नस माणशी न देता शंभर शिध्यांमागे दिलेले आहेत, त्यामुळे आधी भागाकार करून घ्यावा लागतो. साखर शंभराला १५ पौंड, म्हणजे माणशी ६८ ग्रॅम. बीन्स तेवढेच, ६८ ग्रॅम. तांदूळ १० पौंड, म्हणजे ४५ ग्रॅम. आणि हा शिधा बहुधा तीन-तीन दिवसांचा एकदम हातात पडायचा. तो झोळीत भरायचा आणि चालू लागायचं.

हार्डटॅकचं प्रचलित माप सव्वातीन इंचाला थोडं कमी लांब, पावणेतीन इंचाला थोडं जास्त रुंद (७९ × ७३ मिलिमीटर) आणि जाडी जेमतेम अर्धा इंच. असे नऊ किंवा दहा तुकडे म्हणजे एक दिवसाचा शिधा. या दोन गोष्टींवरून सगळं गणित मांडता येतं. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. दहा तुकडे धरले तर एकाचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ज्याचा तुकडा याच मापाचा असून ५५ ग्रॅम भरतो, त्यानं बिस्किट केलं आहे, हार्डटॅक नाही.

पिठापासून सुरुवात. नुसता मैदा घेतला तरी चालतं, पण त्या काळचं पीठ दगडी जात्यावर दळून चाळलेलं असायचं, आजच्या मैद्याइतकं पांढरंफेक नसायचं. म्हणून ३७५ ग्रॅम मैदा आणि १२५ ग्रॅम गव्हाचं पीठ, तेही मैद्याच्या चाळणीतून काढलेलं. कोंडा जितका कमी तितकं बरं, कारण कोंड्याबरोबर अंकुराचं तेल येतं आणि महिन्या-दोन महिन्यांत खवट वास मारायला लागतं. सगळंच चक्कीचं पीठ घ्यायचा मोह होतो, तो टाळावा. आपल्या चक्कीत पीठ तापतं, स्टार्चचे कण फुटतात आणि असं पीठ पाणी जास्त ओढतं. पोळी मऊ होते ती याच गुणामुळे. इथं मात्र जास्त ओढलेलं प्रत्येक चमचा पाणी नंतर भट्टीत ताटकळत बाहेर काढावं लागतं. खपली गव्हाचा प्रयोग आपल्याकडे कुणी ना कुणी सुचवतोच. खपलीत चिकटपणा कमी असतो, तुकडे कडेनं भुरभुरतात आणि झोळीत दोन दिवसांत त्यांचा भुगा होतो.

५०० ग्रॅम पिठाला १९० मिलिलिटर पाणी आणि ५ ग्रॅम मीठ. यीस्ट, सोडा, तूप, तेल काही नाही. तेलाचं मोहन घातलं की खुसखुशीत लागतं हे खरं, पण ते टिकत नाही. पाणी आधी १८० घालून मळायला घ्यावं. गोळा शंकरपाळ्याच्या पिठाहून घट्ट हवा, इतका की पहिली पाच मिनिटं हे जमणारच नाही असं वाटतं. जमतं. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवला की पीठ पाणी पिऊन घेतं आणि मग गोळा एकजीव होतो. या अर्ध्या तासाआधी "कोरडं वाटतंय" म्हणून पाणी वाढवणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

लाटताना हात चुकतो, म्हणून पोळपाटावर दोन बाजूंना ९ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात आणि लाटणं त्यांच्यावर टेकेपर्यंत लाटावं. सुतारकामाच्या दुकानात अशा पट्ट्या मिळतात. पट्टीनं मापून सुरीनं कापायचं, आकार चौकटीचा ठेवायचा. कडेचे तुकडे गोळा करून पुन्हा लाटले तर दहा तुकडे बरोबर निघतात आणि कच्च्या तुकड्याचं वजन सुमारे ६९ ग्रॅम भरतं.

आता भोकं. चार ओळींत चार, अशी सोळा. दाभण किंवा तीन मिलिमीटरचा स्वच्छ खिळा घ्यायचा आणि पार पोळपाटाला टेकेपर्यंत घुसवायचा, थोडा फिरवून काढायचा. अर्धवट टोचलेली भोकं भाजताना मिटतात. मग वाफेला वाट राहत नाही, तुकडा पुरीसारखा मधून फुगतो, वरचा पापुद्रा कडक होतो आणि पोकळीच्या भिंती ओलसर राहतात. बुरशी नेमकी तिथंच धरते, बाहेरून दिसतही नाही.

भाजणं दोन टप्प्यांत. आधी १९० अंश सेल्सिअसला अर्धा तास, उलटून पुन्हा अर्धा तास. रंग फिका बदामी हवा. यानंतर तापमान ११० वर आणून किमान तीन तास वाळवायचं. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत वीसेक अंशांचा फरक सहज पडतो, तेव्हा आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घ्यावा. घाईनं २२० ला भाजलं तर बाहेरून तपकिरी कवच तयार होतं आणि आतलं पाणी कोंडतं. दिसायला तोच तुकडा सगळ्यात देखणा असतो.

ओळखीची जुन्या पद्धतीची बेकरी असेल तर काम सोपं. खारी आणि टोस्ट काढून झाल्यावर भट्टी रात्रभर हळूहळू निवत जाते. एकदा भाजलेले तुकडे ट्रेमध्ये उभे करून तिथं ठेवले की सकाळपर्यंत हवे तसे वाळतात. बेकरीवाल्याला फार समजवावं लागत नाही. टोस्ट दुसऱ्यांदा का भाजतात ते त्याला पक्कं ठाऊक असतं.

झालं की नाही हे ठरवायला जीभ नको, काटा हवा. हिशेब असा: ५०० ग्रॅम पिठात मुळात १२ टक्के ओलावा धरला तर कोरडा भाग ४४० ग्रॅम, मीठ धरून ४४५. तयार हार्डटॅकमध्ये ५ टक्के पाणी राहिलं तर दहा तुकड्यांचं मिळून वजन ४६८ ग्रॅम होतं. म्हणजे एकेक तुकडा ४७ च्या आत. एकूण वजन ४८० दाखवत असेल तर अजून एक तास ११० वर. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलनं वजन आणि तारीख लिहून ठेवली तर पावसाळ्यात तिचा उपयोग होतो. तो पुढे येईलच.

हा पदार्थ चावायचा नसतो. दातांची कॅप आणि हार्डटॅक यांच्या सामन्यात कॅप हरते. सैनिक तो बंदुकीच्या दस्त्यानं फोडायचे, आपल्याकडे वरवंटा आहे. जाड फडक्यात गुंडाळून दोन ठोके दिले की बोटभर तुकडे होतात. कढत कॉफीत ते आठ-दहा मिनिटांत खाण्याजोगे होतात. त्या काळी कॉफीत बुडवण्याचा आणखी एक फायदा होता: आतले किडे वर तरंगायचे आणि काढून टाकता यायचे. थंड पाण्यात भिजवल्यावर मात्र ब्रेडसारखा लगदा होईल ही अपेक्षा ठेवू नये. बाहेरून रबरासारखा चिवट, आत कोरडा असा मधलाच प्रकार होतो. तसा तासाभर भिजवून मग डुकराच्या चरबीत परतलेला तुकडा म्हणजे सैनिकांचा स्किलिगली. चरबीऐवजी तूप घेतलं तरी पोत तोच येतो. वर साखर भुरभुरली तर लहान मुलंही खातात.

कॉफीकडे वळू, कारण या शिध्यात सैनिकाचा जीव खरा कॉफीत होता. शंभर शिध्यांमागे हिरव्या बिया १० पौंड, नाहीतर भाजलेल्या ८ पौंड. म्हणजे माणशी ४५ ग्रॅम कच्ची किंवा ३६ ग्रॅम भाजलेली. भाजताना पाचवा हिस्सा घट येते हे नियमातच धरलेलं आहे, आणि ही घट आपल्याला तपासणीला आयती मिळते. ४५ ग्रॅम हिरव्या बिया लोखंडी कढईत मध्यम आचेवर पातळ थरात टाकायच्या आणि उलथनं थांबवायचं नाही. शेंगदाणे भाजतानाचाच हात. साताठ मिनिटांनी तडतड ऐकू येते. ती संपत आली की आणखी दोन मिनिटं, आणि मग लगेच सुपात ओतून पाखडायचं. सुपात दोन कामं एकदम होतात, टरफल उडतं आणि बिया निवतात. कढईतच राहू दिल्या तर त्या स्वतःच्या उष्णतेनं भाजत राहतात. निवल्यावर वजन ३६ ते ३८ ग्रॅम हवं. ४० भरलं तर आत हिरवटपणा आहे, कॉफीला गवताचा वास येईल. धूर बराच होतो, खिडकी उघडी असू द्या.

किराणा दुकानातून तयार पावडर आणणार असाल तर पाकिटावरचं चिकोरीचं प्रमाण वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ फिल्टर कॉफीत ती असते. गंमत अशी की चिकोरी घातली की तुम्ही सैन्य बदलता. नाकेबंदीमुळे खरी कॉफी दुर्मिळ झालेल्या दक्षिणेकडच्या लोकांनी चिकोरी, भाजलेलं राय नावाचं धान्य, रताळी असलं काय काय उकळून प्यायलं. उत्तरेच्या सैनिकाच्या मगात नुसती कॉफी.

दिवसाचे तीन मग धरले तर मगाला १२ ग्रॅम. फडक्यात घालून वरवंट्यानं जाडसर ठेचायची, मिक्सरची बारीक पावडर नको. २५० मिलिलिटर पाण्यात चार-पाच मिनिटं उकळायची, उतरवून दोन चमचे गार पाणी वरून सोडायचं. चोथा तळाला बसतो. साखर मगाला २० ग्रॅमच्या वर पडते, म्हणजे आपल्या टपरीवरच्या गोड चहाला लाजवेल अशी. ती साखर बहुधा तपकिरी असायची, त्यामुळे खांडसरी जवळची. गुळाची पावडर चवीला छान पण हवेतलं पाणी ओढते आणि पुडीतच तिचा गोळा होतो.

बीन्ससाठी साताऱ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कोरेगावचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा आणि अमेरिकन सैन्याचे पांढरे बीन्स ही वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीनं एकच जात. रंग वेगळा, शिजवण्याची रीत तीच. माणशी ६८ ग्रॅम, आठ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं. नव्या पाण्यात आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळी, मग मंद आचेवर तास-दीड तास. खळखळ उकळी टाळून निखाऱ्याच्या कडेला मंद शिजत ठेवण्याचा देखणा प्रकार लोक करतात आणि दुपारी उलट्या करत बसतात. घेवड्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते पूर्ण उकळीला नष्ट होतं, पण ऐंशी अंशांच्या आसपास रेंगाळलं तर तसंच राहतं. उंचीचाही हिशेब ठेवावा: साताऱ्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरात ९५-९६ ला. वर जाल तसा वेळ वाढवा.

वाळवलेल्या भाज्यांचा प्रकारही होता. गाजर, कोबी, कांदा, सलगम, बीन्स असं सगळं वाळवून वड्यांत दाबलेलं, स्कर्व्हीवर, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगावर उपाय म्हणून दिलेलं. सैनिकांनी त्याची भरपूर टिंगल केली. आपल्याकडे कुरडया-सांडग्यांच्या दिवसांत गच्चीवर जागा असतेच, तिथंच हेही होतं. भाज्या तीन मिलिमीटरच्या चकत्या करून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, कांदा मात्र तसाच. पातळ कापडाखाली दोन-तीन दिवस कडक ऊन. वाकवली तर मोडली पाहिजे, वाकली तर अजून एक दिवस. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम वाळलेलं, पाव किलोहून जास्त ताज्या भाजीचं असतं, तेव्हा पातेलं मोठं घ्या. ज्या स्कर्व्हीसाठी हा खटाटोप, त्यावरचं क जीवनसत्त्व उकळण्यात आणि उन्हात बरंचसं जातं. उपाय म्हणून ते फसलेलंच होतं.

खारवलेलं मांस थोडक्यात. डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस एक किलो, जाडं मीठ २५० ग्रॅम, फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस, सुटलेलं पाणी रोज ओतून मीठ पुन्हा चोळायचं. शिजवण्याआधी रात्रभर पाण्यात. हे पिंपातल्या खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या मूळ मालाइतकं खारट नसतं, म्हणून ते तीन दिवस झोळीत बाळगू नये. शिजवून पहिल्याच दिवशी संपवावं. मांस टिकवायला वापरतात तो सोरा घरी घालू नये, प्रमाण चुकलं तर विष आहे. मांस नको असणाऱ्यांसाठी इतिहासातच एक वाट आहे: दक्षिणेकडच्या सैनिकांचा मक्याचा भरडा आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. या दोन्ही गोष्टी सातारा-सांगलीत कोपऱ्यावर मिळतात. उत्तरेच्या शिध्यात मांसाऐवजी पनीर घालून त्याला ऐतिहासिक म्हणणं मात्र बरोबर नाही.

हे सगळं ज्या झोळीत जायचं ती काळ्या रंगाचा लेप दिलेल्या कॅनव्हासची असायची आणि आत बटणांनी लावलेलं सुती अस्तर, काढून धुता येणारं. मांसाची चरबी, कॉफीची भुकटी आणि हार्डटॅकचा चुरा एकाच पिशवीत चालताना काय रूप घेतात ते पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून अस्तर सोडू नये. कॉफी आणि साखरेला स्वतंत्र मांजरपाटाच्या पुरचुंड्या शिवाव्यात. अजिंक्यताऱ्यावर किंवा सज्जनगडाच्या वाटेवर चालताना हे वापरून बघायला हिवाळा चांगला. आणि विस्तव? होळीच्या आसपास डोंगरावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीत वणवा. कासला तर उघड्यावर आग पेटवण्याचा विचारही करू नये. झाकणवाला छोटा स्टोव्ह न्या, नाहीतर कॉफी खालीच करून घ्या.

पाऊणशे वर्षांनी याच सैन्यानं टिकाऊ शिध्याची लढाई वेगळ्या हत्यारानं केली. १९३७ मध्ये कॅप्टन पॉल लोगननं हर्शी कंपनीकडून एक आपत्कालीन चॉकलेट बनवून घेतलं. अटी अशा: वजन चार औंस, भरपूर ऊर्जा, उन्हात वितळायचं नाही आणि चव उकडलेल्या बटाट्याहून थोडीच बरी. बरं लागलं तर सैनिक वेळेआधी खाऊन टाकतील ही भीती. हाच पुढे डी शिधा झाला. एका वडीत ६०० कॅलरी.

घरी करायला आमचं प्रमाण: बिनसाखरेचं शुद्ध चॉकलेट १०० ग्रॅम, घरी दळलेली पिठीसाखर १००, साय काढलेल्या दुधाची पावडर ४४, कोको बटर १९, ओटचं पीठ १२. एकूण २७५ ग्रॅम, त्यात ११३ ग्रॅमच्या दोन वड्या आणि थोडं चाखायला. बेकरीच्या सामानाच्या दुकानात "चॉकलेट" मागितलं की बहुतेक वेळा कंपाउंड हातात येतं. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेल असतं, ते चालणार नाही. शुद्ध चॉकलेट मिळालं नाही तर बिनसाखरेची कोको पावडर आणि कोको बटर समसमान घेतलं की चरबीचं प्रमाण जवळपास तेच येतं. ओट मिक्सरमधून काढून कोरड्या कढईत पाच मिनिटं परतून पूर्ण निववायचे. चॉकलेट आणि कोको बटर गरम पाण्यावरच्या पातेल्यात ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं. वाफेचा एक थेंब आत पडला तरी मिश्रण दाणेदार होऊन आखडतं, म्हणून पातेलं खालच्या भांड्याहून रुंद हवं. कोरडे जिन्नस घातल्यावर हे ओतता येत नाही, चिक्कीच्या गोळ्यासारखं दाबून साच्यात भरावं लागतं. कारखान्यातही सुरुवातीला हातानंच भरावं लागलं होतं.

न वितळण्याचं गुपित मात्र फसवं आहे. यातलं कोको बटर पस्तीस अंशांच्या आसपास वितळतंच. पण साखर, दूध पावडर आणि ओटचे कण इतके दाट असतात की वितळलेली चरबी त्यांच्यामध्ये अडकून राहते आणि वडी आकार सोडत नाही. मूळ कसोटी १२० अंश फॅरेनहाइटची, म्हणजे ४९ सेल्सिअस. एप्रिलच्या दुपारी सावलीत ठेवलेली वडी उभी राहते. गाडीच्या काचेमागे ठेवली तर तीही शरण येते.

दुसऱ्या महायुद्धातल्या के शिध्याचं, म्हणजे सैनिकाच्या दिवसभराच्या खोकीबंद जेवणाचं, वेगळं प्रकरण लिहावं लागेल, इथं फक्त खोक्यापुरतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन खोकी. प्रत्येकात बिस्किटं, मांस, अंडी किंवा चीज यांचा छोटा डबा, एखादं पेय आणि गोड. शिवाय सिगारेटी आणि च्युइंग गम. आतलं खोकं मेणात बुडवलेलं असायचं, आणि ते जाळून एक कप कॉफी तापवता यायची. आपल्याला करायचं तर मेणबत्तीचं मेण चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. नुसतं मेणबत्तीचं मेण घडीवर तडकतं आणि त्या भेगेतून ओल शिरते. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, पाण्याच्या भांड्यातच वितळवा. खोकं एका बाजूनं दोन सेकंद, थंड झालं की दुसऱ्या बाजूनं. दुपारच्या खोक्यातली लिंबाची पावडर लिंबूसत आणि साखरेनं जमते. मूळ पावडर इतकी आंबट होती की पुष्कळांनी ती फेकून दिली आणि तिच्याबरोबर क जीवनसत्त्वही. मांसाचा डबा बाजारातलाच घ्या. घरच्या कुकरमध्ये मांसाचे डबे बंद करण्याच्या फंदात पडू नये. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू मारायला डब्याच्या अगदी मध्यभागी १२१ अंश पोचावे लागतात आणि ते कुकरच्या शिट्ट्यांवरून कळत नाही. जुने मूळ डबे कुठं मिळाले तर शोकेसमध्ये ठेवा.

हा शिधा दोन-तीन दिवसांपुरता आखलेला होता. १९४३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत उतरून देवळालीमार्गे पुढे गेलेली मेरिल्स मरॉडर्स ही अमेरिकन तुकडी नंतर ब्रह्मदेशात मुख्यतः यावरच महिनोन्महिने राहिली आणि आजारानं व कुपोषणानं खंगली. तेव्हा सलग तीन दिवसांहून जास्त कुणी हे खाऊ नये.

परत हार्डटॅककडे, कारण तो डब्यात ठेवून आपण विसरलो आहोत. भरण्याआधी तुकडे पूर्ण निवलेले हवेत, कोमट भरले तर झाकणाला आतून घाम येतो. हवाबंद पिशवीत घालून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवले की किड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थंडगार तुकड्यांवर जमतं आणि तीन तासांचं वाळवण वाया जातं. मग स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, झाकणाच्या सांध्याला चिकटपट्टी. डबा पावसाळ्यात वरचेवर उघडून "बघूया कसा आहे" करायचं नाही.

महिन्यातून एकदाच, उघडीप असलेल्या दिवशी, एकच तुकडा काढून काट्यावर ठेवायचा आणि मागची पेन्सिल वाचायची. ४७ चा ४८ झाला असेल तर सिलिका जेल बदला. ५० च्या जवळ गेला असेल तर आतला ओलावा दहा टक्क्यांवर पोचला आहे, सगळे तुकडे त्याच दिवशी १०० अंशांवर तासभर पुन्हा वाळवा आणि वजन उतरलं की नाही ते बघा. ५२ च्या पुढे गेला, मोडल्यावर खटकन न तुटता दबून तुटला आणि कुबट वास आला, तर डबाच्या डबा बाहेर. बुरशी खरवडून खायची नाही, गुरांनाही घालायची नाही.